ना धड हो, ना धड नाही

वसई-विरारमधल्या नालासोपारा पूर्वेच्या अगरवाल नगरीतल्या ४१ इमारती अनधिकृत आहेत, त्या पाडा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. खोटी कागदपत्रं करून तिच्यावर घरं बांधली गेली, विकली गेली, आणि घेणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी त्यांत ओतली. सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. नोव्हेंबरात पहिल्या काही इमारती पडल्या आणि उरलेल्यांवर जानेवारी २०२५ च्या अखेरीस पाडकाम सुरू झालं. मधले सहा-सात महिने दोन हजारांहून जास्त कुटुंबं त्याच घरांत राहत होती. सिलिंडर लावला जात होता, मुलांच्या परीक्षा होत होत्या, भिंतीवर पुढच्या वर्षाचं कॅलेंडर चढत होतं.

घर गेल्याचं दुःख मोठं असतंच, पण ते दुःख आहे. त्याला लोक भेटायला येतात, डोळ्यांत पाणी येतं, कालांतराने माणूस नव्या जागी चूल मांडतो. त्या मधल्या महिन्यांत जे होतं त्याला कुणी भेटायला येत नाही. घर आहे, पण आपलं आहे की नाही ते माहीत नाही. मुलाचा शाळेचा दाखला काढायचा की थांबायचं? गळका नळ दुरुस्त करायचा की असू द्यायचा? काळजी माणसाला सर्वांत जास्त पोखरते ती अशा वेळी, जेव्हा उत्तर ना धड ‘हो’ असतं, ना धड ‘नाही’.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये याचं मोजमाप केलं. त्यांनी ४५ जणांना संगणकावरचा एक खेळ खेळायला बसवलं. पडद्यावर दगड दिसायचा आणि त्याखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा चटका बसायचा. इजा होण्याइतका नाही, पण चांगलाच झोंबणारा. कोणत्या दगडाखाली साप असण्याचा संभव किती, हे खेळताना सतत बदलत ठेवलं होतं. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. चटका नक्की बसणार हे कळलेलं असताना ताण फारसा नव्हता. बसेल किंवा बसणार नाही, पन्नास-पन्नास टक्के, तेव्हा तो शिगेला पोहोचला. म्हणजे शंभर टक्के वाईटापेक्षा पन्नास टक्के वाईट शरीराला जड गेलं. याच प्रयोगातली दुसरी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर चोख वरखाली होत होता, त्यांनी साप ओळखण्यात बाजी मारली. ताण त्यांना जागं ठेवत होता.

वसई-विरारकराला हे प्रयोगशाळेविना ठाऊक आहे. गाडी वीस मिनिटं उशिरा आहे असं इंडिकेटरवर दिसलं की माणूस चरफडतो, ऑफिसात फोन करतो आणि खांबाला टेकतो. इंडिकेटर कोरा असला आणि घोषणा होत नसली, तर तीच वीस मिनिटं कमालीची लांबतात. दर अर्ध्या मिनिटाला मान गाडी येण्याच्या दिशेने वळते. डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापन-अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना नेमकं हेच मांडलं होतं: किती थांबायचंय ते माहीत नसलं तर थांबणं लांब वाटतं आणि कारण कळलं नाही तर आणखी लांब. जुलै २०१८ मध्ये वसई ते विरार पट्टा पाण्याखाली गेला, लोकल बंद पडल्या, वीज गेली, वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसं अडकली. पाणी तर डोळ्यांना दिसत होतं. त्रास होता तो बंद पडलेल्या मोबाइलचा. घरचा माणूस दादरला आहे की भाईंदरला, हे कळायला मार्ग नव्हता.

शरीर यात काय करतं ते थोडक्यात. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या पुस्तकात दाखवलं की भीती वाटली की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींतून अॅड्रिनलिन सुटतं, काळीज धडधडतं, श्वास उथळ होतो, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. पोटात गोळा येतो तो यामुळेच. अंगावर बैल धावून आला तर ही तयारी अचूक ठरते. कोर्टाची पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे, तर ती निरुपयोगी. कुणाशी लढायचं आणि कुठे पळायचं? तयारी मात्र चालूच राहते. झोप तुटते, मान आखडते, जेवण अंगी लागत नाही आणि माणूस चिडका होतो.

चिडकेपणावर जरा थांबायला हवं, कारण काळजी आपल्याकडे बऱ्याचदा भीतीच्या रूपात दिसत नाही, रागाच्या रूपात दिसते. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या. जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी त्या सुरू झाल्या, पण खासगी नोकरीवाला बाहेरच राहिला. मुंबईतली कार्यालयं हळूहळू उघडत होती, ‘या, नाहीतर पगार नाही’ असे निरोप येत होते, आणि विरारहून चर्चगेट साठ किलोमीटरवर. जुलै २०२० मध्ये नालासोपाऱ्यात बस न मिळालेले प्रवासी रुळांवर उतरले. बातम्यांत तो ‘संताप’ होता. त्या गर्दीतल्या कित्येकांच्या पोटात मात्र संतापाच्या आधी महिनोन् महिने हप्त्याची आणि नोकरीची भीती होती. घरात भांड्यांची आदळआपट करणाऱ्या, पोराच्या पाठीत धपाटा घालणाऱ्या माणसाला ‘तुला कसली काळजी लागलीये?’ असं विचारणारा क्वचित भेटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार महासाथीच्या पहिल्या वर्षात चिंताविकार आणि नैराश्य जगभर २५ टक्क्यांनी वाढलं. त्यात हे धपाटे मोजलेले नसावेत.

अशा वेळी सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आणि सगळ्यांत निरुपयोगी सल्ला म्हणजे ‘काळजी करू नका’. वसई-विरारमध्ये तर तो धोक्याचाही आहे, कारण इथली काळजी बऱ्याचदा खरी असते. विरार पूर्वेच्या विजयनगरातली रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा एक भाग २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्री कोसळला. दुसऱ्या दिवशी गणेशचतुर्थी होती. १७ माणसं गेली. इमारत अनधिकृत होती आणि जेमतेम तेरा वर्षं जुनी. अशा शहरात खांबाला गेलेला तडा बघून ज्याची झोप उडते, त्याच्या डोक्यात बिघाड नाही. त्याचं डोकं ठिकाणावर आहे.

म्हणून पहिलं काम काळजी घालवण्याचं नाही, तिची फोड करण्याचं आहे. कोणता भाग माहितीने किंवा हालचालीने कमी होणारा आहे, आणि कोणता नाही? इमारतीचंच घेऊ. रात्री अकराला ‘आपलं घर पडलं तर?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. त्याच प्रश्नाच्या पोटात मात्र उत्तरं असलेले पाच-सहा प्रश्न दडलेले असतात. इमारतीला सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, होती का? ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळालं का? सर्व्हे नंबर कोणता आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं? महापालिकेच्या विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण आहे का? नवी इमारत असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर तिची नोंदणी सापडते का? तीस वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच करावं लागतं. ते झालं का? तडा कुठे आहे तेही पाहायचं. प्लॅस्टरवरची केसासारखी रेघ वेगळी आणि खांबाच्या सळईलगत गेलेला उभा तडा, त्यातून ओघळलेला गंज, सुटून पडणारं काँक्रीट, एकाएकी चौकटीत अडकू लागलेलं दार, ही लक्षणं वेगळी. ती दिसली तर श्वसनाचे व्यायाम करत बसू नये, घर सोडावं आणि महापालिकेला कळवावं. बाकीचे प्रश्न कागदावर उतरवून सोमवारी सकाळी कुठल्या खिडकीवर कोणता कागद मागायचा ते ठरवलं, की रात्रीची अवाढव्य भीती सोमवारच्या खेपेएवढी होते. खेप कटकटीची असते, पण तिला सुरुवात आणि शेवट असतो.

ही खेप एकट्याने मारायची नाही, हे मला फोड करण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. स्टीव्हन हॉबफॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये आपत्तीनंतर माणसं कशाने सावरतात याचा जगभरचा पुरावा तपासला आणि पाच गोष्टी काढल्या: सुरक्षित वाटणं, मन शांत होणं, आपल्या हातून काही होऊ शकतं असा भरवसा, माणसांशी जोडलेलं असणं आणि आशा. यातली तिसरी गोष्ट, भरवसा, एकट्याचा तसा समूहाचाही असतो, हे त्यांनी मुद्दाम नोंदवलं. वसईने हे फार पूर्वी करून दाखवलं आहे. विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जात होतं, बिल्डरांचा डोळा वाड्यांवर होता, धाकदपटशा चालू होता, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या साथीदारांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. फादर पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये गेले. पण वसईतल्या जुन्या माणसांना ते आठवतात ते मोर्चांमुळे. त्या चळवळीने वसई किती वाचवली यावर वाद घालता येईल. एकेका घरात भिऊन बसलेल्या माणसांना तिने एका मैदानात आणलं, हे मात्र निर्विवाद. छातीतली धडधड एकट्याची असते तोवर ती आजार वाटते. पन्नास घरांची एकत्र आली की तिचा अर्ज होतो, वकिलाची फी होते, मंत्रालयाची वारी होते.

फोड केल्यावर उरतो तो दुसरा भाग. कोर्ट काय म्हणेल, तपासणीचा अहवाल कसा येईल, कंपनी कुणाला कमी करेल? इथे माहिती मिळवण्याचा मार्गच नसतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मिशेल दुगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की सतत काळजी करणाऱ्या माणसांना मुळात अनिश्चितताच सोसवत नाही. मग ती मिटवण्यासाठी माणूस धडपडतो. दहा मिनिटांनी पुन्हा फोन बघतो. एकाच प्रश्नावर चार जणांचं मत घेतो, पाचवा वेगळं बोलला की पुन्हा पहिल्याकडे जातो. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री साडेबाराला ‘उद्या पाडायला येणार, पक्की बातमी’ असा निरोप येतो. कुणी पाठवला, कुठून आला, काही नाही. पण पुढे पाठवला जातोच, कारण त्या क्षणी खोटी खात्रीही बरी वाटते. दर वेळी फोन बघितल्यावर क्षणभर हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्याचीच चटक लागते.

त्यावर दुगांच्या उपचारपद्धतीत दिलेली सवय साधी पण कष्टाची आहे: थोडी अनिश्चितता मुद्दाम तशीच राहू द्यायची. गाडी कुठे आली ते अॅपवर न बघता स्टेशनवर जायचं. मुलगी क्लासला पोहोचल्याचा फोन मागायचा नाही, ती आल्यावर विचारायचं. बातम्या दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. ग्रुप रात्री नऊनंतर म्यूट. एका विश्वासू शेजाऱ्याला सांगून ठेवायचं की खरंच काही झालं तर दार वाजव. सुरुवातीचे काही दिवस जीव कासावीस होतो. तो कासावीस होणं हाच उपचाराचा भाग आहे, कारण न बघताही काही कोसळलं नाही, हे मेंदूला पुन्हा पुन्हा पाहावं लागतं.

दुसरी एक युक्ती थॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये तपासून पाहिली. काळजीला रोजची अर्ध्या तासाची वेळ आणि एक ठरलेली जागा द्यायची. दिवसभरात काळजी डोकं वर काढेल तेव्हा ती चिठ्ठीवर टिपायची आणि हातातल्या कामाकडे वळायचं. ठरलेल्या वेळी त्या जागी बसून मनसोक्त काळजी करायची. जागा अंथरुण नसावी, वेळ झोपेच्या तोंडावरची नसावी. संध्याकाळी घरी आल्यावर, चहा झाला की, गॅलरीतल्या खुर्चीत. चिठ्ठीवरच्या निम्म्या गोष्टी तोवर शिळ्या झालेल्या असतात. हे वाचायला थोडं हास्यास्पद वाटतं, पण काळजी थांबव म्हटलं की थांबत नाही. नंतर कर म्हटलं तर पुष्कळदा ऐकते.

वसई-विरार ज्या पालघर जिल्ह्यात आहे त्याच्याच उत्तर टोकाला ही अनिश्चितता फार मोठ्या प्रमाणावर अनुभवायला मिळाली. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहान लहान धक्के सुरू झाले आणि थांबेनात. धुंदलवाडी, हळदपाडा परिसरात लोक थंडीत घराबाहेर झोपू लागले, प्रशासनाने तंबू दिले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या गोंधळात बाहेर पळताना पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. छत तिच्यावर पडलं नव्हतं. हे कधी थांबणार, या प्रश्नाला भूकंपशास्त्रज्ञांकडे उत्तर नव्हतं, आणि अशा धक्क्यांच्या मालिकेबाबत ते आजही कुठेच नसतं. हातात होतं ते एवढंच: कुठे झोपायचं, धक्का बसला तर कसं आणि कुठून बाहेर पडायचं, लहान मूल कोण उचलणार. कवायतीचा उपयोग इथे असतो. पुढचा धक्का कधी हे ती सांगत नाही, पण तो आला तर पहिल्या दहा सेकंदांत आपण काय करणार, एवढी एक गोष्ट नक्की करते.

आपल्याकडे विचारांच्या बाजूने या विषयाला भिडणारं काम कि. मो. फडके यांनी केलं. मुंबईच्या या मानसतज्ज्ञाने अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणली, वर्षानुवर्षं शिकवली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने ती घराघरांत नेली. एलिसचं म्हणणं असं की घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही, घटनेविषयीचा आपला हट्ट करतो. मला निकाल आजच कळायला हवा, न कळला तर मी सहनच करू शकणार नाही, हा हट्ट. निकाल लवकर कळला तर बरं, न कळला तर त्रास होईल पण मी राहीन, ही इच्छा. फरक खरा आहे आणि उपयोगाचाही. पण ज्याच्या घरावर बुलडोझर यायचाय त्याला हे ऐकवण्याआधी त्याच्याबरोबर एकदा महापालिकेत जाऊन यावं, असं मला वाटतं.

आता गाडीतली घुसमट. विरार लोकलच्या गर्दीत एखाद्याला अचानक छातीत कळ येते, हातापायांना मुंग्या, दरदरून घाम, आता मरतो असं वाटतं. पहिल्यांदा असं झालं तर सरळ रुग्णालयात जावं आणि ईसीजी काढावा; हृदयाचा झटका आणि भीतीचा झटका वरवर सारखे दिसतात, आणि पैज लावण्याची ही जागा नव्हे. हृदय ठीक निघालं तर तो भीतीचा झटका असू शकतो. तो साधारण दहा मिनिटांत कळस गाठतो आणि ओसरतो. त्या वेळी मोठमोठे श्वास घेऊ नयेत, त्याने मुंग्या वाढतात. चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत हळू बाहेर.

खरं नुकसान झटक्यानंतर सुरू होतं. माणूस फास्ट गाडी सोडतो, मग गर्दीची वेळ सोडतो, मग नोकरी. उलट वाटेने यायचं तर पायरी-पायरीने यावं लागतं. दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीने विरार ते नालासोपारा, सोबत कुणीतरी. भीती चढली तरी उतरायचं नाही, ती आपोआप खाली येईतो थांबायचं. तेच आठवडाभर. मग एकट्याने. मग वसई रोड, मग नायगाव. नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये खाडी आहे, दोन पूल, मध्ये पाणजू बेट. तिथे मनात आलं म्हणून उतरता येत नाही. बऱ्याच जणांना हा टप्पा सगळ्यांत अवघड वाटू शकतो, म्हणून तो लवकर घेऊ नये आणि कायमचा टाळूही नये. सकाळची फास्ट गाडी अगदी शेवटी. हे समुपदेशकाच्या मदतीने केलं तर जास्त जमतं.

मदत केव्हा घ्यावी? झोप, जेवण, काम किंवा घरातलं बोलणं कित्येक आठवडे बिघडलेलं असेल तर घ्यावी. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर त्याच दिवशी. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य चालते, मराठीतही बोलता येतं. ठाण्यात शासनाचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आय.पी.एच. ही मानसिक आरोग्यासाठीची संस्थाही ठाण्यातच. डॉक्टर आधी थायरॉइड तपासायला सांगतील, कारण ती ग्रंथी जास्त चालली तरी धडधड आणि थरथर होते. चहा किती कप, हेही विचारतील. खरा आकडा सांगावा. चिंताविकारावर नेहमी दिली जाणारी औषधं लागू पडायला काही आठवडे घेतात आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नसतात. लगेच गुंगी आणणाऱ्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या वेगळ्या. त्यांची सवय लागते. शेजाऱ्याने दिलेली ‘झोपेची अर्धी गोळी’ बहुधा त्यांतलीच असते. ती आधीच रोज सुरू झाली असेल तर एकदम थांबवू नये. पट्टी खिशात घालून डॉक्टरांकडे न्यावी आणि किती दिवसांपासून, किती घेतो ते सांगावं.